मुन्नारचे चहामळे आणि कथकलीची संध्याकाळ

परीक्षा आटोपल्या, की मराठी कुटुंबांना थंड हवेच्या ठिकाणांचे वेध लागतात. महाबळेश्वर, माथेरान पाहून झालेल्यांनी यंदा केरळमधील मुन्नारचा विचार करावा. विशेष म्हणजे, त्यासाठी सह्याद्रीची साथ सोडावी लागत नाही. पश्चिम घाटाची हीच रांग दक्षिणेकडे अधिक उंच होत जाते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. मुन्नार हे गावच सुमारे दीड हजार मीटरवर वसले आहे आणि त्याच्याजवळचे आनामुडी शिखर २६९५ मीटर उंच आहे. हिमालयाच्या दक्षिणेस भारतात याहून उंच शिखर नाही.

हिरवे डोंगर, रानबकरे

मुन्नार म्हणजे तीन नद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश मळेवाल्यांनी येथील जंगल तोडून चहा लावला. आज गालिच्यासारखे दिसणारे डोंगर ही त्या लागवडीची देणगी. मूळचा निसर्ग पाहायचा, तर एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात जावे. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या ९७ चौरस किलोमीटरच्या गवताळ प्रदेशात निलगिरी ताहर हा दुर्मिळ रानबकरा राहतो. बारा वर्षांतून एकदा फुलणारी नीलकुरिंजीही येथलीच. ती २००६ आणि २०१८ मध्ये फुलली होती. पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे.

रंगमंचापूर्वीचा रंग

मुन्नार आणि जवळच्या तेक्कडीत पर्यटकांसाठी रोज संध्याकाळी कथकलीचे प्रयोग होतात. बहुतेक प्रयोग तासाभराचे असतात. मूळ कथकली मात्र देवळाच्या आवारात रात्रभर चालणारी. कोकणातील दशावताराचा प्रेक्षक हे लगेच समजू शकेल. त्यामुळे तासाभरात दिसते ती या कलेची केवळ ओळख, हे ध्यानात ठेवून जावे.

कथकलीतील नट बोलत नाही. गायक मागे उभे राहून पदे गातात, चेंडा आणि मद्दळम ही वाद्ये वाजतात आणि नट चोवीस मूळ हस्तमुद्रा, डोळे व भुवया यांतून कथा सांगतो. चेहऱ्याचा रंग म्हणजे पात्राचा स्वभाव. हिरवा रंग राम, कृष्ण, अर्जुन अशा धीरोदात्त नायकांचा. हिरव्यावर लाल पट्टे आले, की समजावे रावण किंवा दुर्योधन. तांबडी दाढी दुष्टांची, पांढरी हनुमानाची.

अनेक ठिकाणी प्रयोगापूर्वी रंगभूषा पाहू देतात. ती चुकवू नये. नट उताणा पडून चेहऱ्याभोवती पांढरी झालर चिकटवून घेतो, डोळे लाल दिसावेत म्हणून पापणीखाली एक बारीक बी ठेवतो. हे पाहिलेले मूल पुढचा तास कंटाळत नाही. त्या दिवशीची कथा दुपारीच मुलांना सांगून ठेवावी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही कला मावळू लागली होती. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी १९३० मध्ये केरळ कलामंडलम स्थापून तिला आधार दिला. त्यामुळे प्रयोग अर्ध्यावर सोडून जेवायला उठणे, हा या परंपरेचा अनादर ठरतो.

केव्हा, कसे जाल?

कोकण रेल्वेने किंवा विमानाने कोची-एर्नाकुलम गाठावे. तेथून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर. वळणाच्या रस्त्याने चार तास लागतात. मुलांना गाडी लागत असेल, तर सकाळी हलका नाश्ता द्यावा. पुढे तेक्कडीलाही घाटरस्ताच आहे. त्यासाठी अर्धा दिवस राखावा.

केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला येतो, म्हणून सहल मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी. ही खबरदारी केवळ कपडे भिजू नयेत म्हणून नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये एरविकुलमजवळच्या पेट्टिमुडी येथे दरड कोसळून मळेकामगारांची वस्ती गाडली गेली आणि ७० जणांचा बळी गेला. आपण छायाचित्रांत टिपतो ते मळे याच कामगारांच्या हातांनी राखलेले आहेत. मुलांना डोंगर दाखवताना एवढे जरूर सांगावे.

ताहरच्या विणीच्या काळात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असते. उन्हाळी सुटीत गर्दी मोठी, त्यामुळे तिकिटे आधीच काढावीत. आणि हो, मे महिना असला, तरी स्वेटर विसरू नये.