रा. सू. तथा दादासाहेब गवई : विधान परिषदेतील तीस वर्षे

रामकृष्ण सूर्यभान गवई (३० ऑक्टोबर १९२९ – २५ जुलै २०१५) हे रिपब्लिकन चळवळीतील ज्येष्ठ नेते होते. विधान परिषद, लोकसभा आणि राज्यसभा या तिन्ही सभागृहांचे ते सदस्य राहिले आणि पुढे राज्यपाल झाले. आंबेडकरी जनता त्यांना दादासाहेब गवई म्हणून ओळखते. आजच्या तरुणांना ते बहुधा सरन्यायाधीशपद भूषवलेले न्या. भूषण गवई यांचे वडील म्हणून माहीत असतात. म्हणून त्यांच्या संसदीय वाटचालीची नोंद येथे देत आहोत.

जन्म आणि पक्षकार्य

गवई यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील दारापूर येथला. बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. गवई त्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या बाजूने उभे राहिले. गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्याच वर्षी गवई विधान परिषदेत गेले.

पुढे पक्ष फुटला. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा एक गट आणि गवई यांचा दुसरा. १९७१ च्या डिसेंबरमध्ये कर्मवीर गेले आणि पक्षाला एकत्र धरणारा हात राहिला नाही. ‘रिपाइं (गवई)’ हे कंसातले नाव तेव्हापासून चळवळीच्या बोलण्यात रुळले.

सभागृहात

१९६४ ते १९९४ अशी सलग तीस वर्षे गवई विधान परिषदेचे सदस्य होते. १९६८ ते १९७८ उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती. उपसभापतिपदाच्या काळात सभापतिपदी रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे होते. १९८० च्या दशकात गवई परिषदेतील विरोधी पक्षनेतेही झाले.

या पदांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सभापती वादात उतरत नाही. तो इतरांना बोलू देतो आणि नियम पाळायला लावतो. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातील माणूस त्या आसनावर बसतो आणि सत्ताधारी व विरोधक दोघेही त्याचा निर्णय मानतात, हे त्या काळी लहानसे नव्हते.

सभागृहाची मर्यादाही त्याच काळात दिसली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यातली सोळा वर्षे लोकांनी रस्त्यावर लढून काढली.

लोकसभा आणि राज्यसभा

विधान परिषदेच्या जागा आमदार, स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, पदवीधर आणि शिक्षक यांच्या मतांनी आणि राज्यपालांच्या नियुक्तीने भरतात. आमदार थोडे असलेल्या पक्षाला तिथे जायचे तर मोठ्या पक्षाशी जमवून घ्यावे लागते. गायकवाडांच्या काळापासून काँग्रेसशी झालेल्या समझोत्यांकडे याच नजरेने पाहावे लागते.

लोकसभेत गवई एकदाच गेले. १९९८ साली रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि चौघे निवडून आले : अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ खुले होते. ती लोकसभा जेमतेम वर्षभर टिकली आणि ऐक्यही टिकले नाही. १९९९ मध्ये अमरावतीची जागा शिवसेनेकडे गेली. २००० ते २००६ गवई राज्यसभेत होते.

राज्यपालपद

२००६ ते २००८ बिहार आणि २००८ ते २०११ केरळ, असे ते राज्यपाल होते. २००९ साली लाव्हलिन प्रकरणात माकपचे नेते पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवण्यास त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविरुद्ध परवानगी दिली. त्यावर देशभर घटनात्मक चर्चा झाली. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना दोषमुक्त केले.

दीक्षाभूमी

नागपूरच्या दीक्षाभूमी स्मारक समितीचे ते अध्यक्ष होते. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते तेथील स्तूपाचे उद्घाटन झाले. गट कोणताही असो, आपण सगळे तिथेच नतमस्तक होतो.

आमचे मत

गवई यांच्यावर सत्तेजवळ राहिल्याची टीका झाली आणि ती निराधार नाही. पण एकट्या व्यक्तीला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. त्यांची तीस वर्षे सांगतात की समझोत्याने माणूस सभागृहात पोहोचतो आणि मानाने कामही करतो. पक्ष मात्र त्याने वाढतोच असे नाही. १९९८ हे वर्ष सांगते की गट एक झाले तर खुल्या मतदारसंघातही लोक आपल्याला मत देतात. दरवर्षी जयंतीला प्रत्येक गटाचा स्वतंत्र मंच घालणाऱ्या कार्यकर्त्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

दादासाहेबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम.