स्ट्रँडवरचे पानगृह

या व्याख्यानमालेत आजवर गडकोट झाले, संत झाले, पेशव्यांचे वाडेही झाले. आज आम्ही विलायतेतील एका पानगृहाविषयी बोलणार आहोत. पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांनी उठून जाऊ नये, एवढीच विनंती. कारण जे सांगावयाचे आहे ते दारूपेक्षा दारूबंदीविषयीच अधिक आहे.

लंडनमध्ये स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर सॅव्हॉय हॉटेल आहे. रिचर्ड डॉयली कार्ट या नाट्यव्यावसायिकाने गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीतिकांवर जो पैसा मिळवला, त्यातून ते 1889 साली उभे राहिले. नाटकाच्या उत्पन्नावर एवढी वास्तू उठते हे ऐकून आम्हांस आपल्याकडील नाटकमंडळ्यांची कर्जे आठवली. हॉटेलकडे वळणारी एक छोटी गल्ली आहे. साऱ्या इंग्लंडात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हाताने जातात. या गल्लीत तेवढ्या उजव्या हाताने. समोर चकचकीत पोलादाची दर्शनी रचना दिसते, ती 1929 सालची. सरळ रेषा, भूमितीचे आकार आणि धातूची झळाळी यांवर भर देणाऱ्या या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव रूढ झाले. मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्यास ती परकी वाटणार नाही. तेथील आणि ओव्हल मैदानालगतच्या त्याच घडणीच्या इमारतींना 2018 साली जागतिक वारशात स्थान मिळाले आहे.

आमचे काम होते ते आतल्या अमेरिकन बारमध्ये. हे नाव गिऱ्हाइकांवरून पडलेले नाही. निरनिराळी मद्ये, फळांचे रस व कडू अर्क बर्फाबरोबर घुसळून कॉकटेल करण्याची अमेरिकन तऱ्हा विलायतेत जेथे मिळू लागली, त्या जागांना असे म्हणत. सॅव्हॉयमध्ये हा बार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि 1903 पासून वीस-बावीस वर्षे त्याची सूत्रे एका स्त्रीच्या हाती होती, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तिचे नाव एडा कोलमन. चार्ल्स हॉट्रे हा नट एकदा थकूनभागून आला आणि काहीतरी झणझणीत दे म्हणाला. तिने जिन, इटालियन व्हर्मूथ आणि फर्नेट नावाचा कडूजहर अर्क मिसळून एक पेय केले, ते ‘हँकी पँकी’ या नावाने आजही मिळते. आम्ही ते मागवले. पहिल्या घोटाला लहानपणच्या काडेचिराइताची आठवण झाली. दुसऱ्या घोटाला ती गेली, असे मात्र म्हणवत नाही.

आता मुख्य गोष्ट. 1920 च्या जानेवारीत अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली. न्यूयॉर्कच्या नामांकित हॉटेलांत हॅरी क्रॅडॉक नावाचा कारागीर होता. मूळचा इंग्रज, पण 1897 साली तिकडे जाऊन स्थायिक झालेला. त्याचा धंदा एका रात्रीत गुन्हा ठरला. पिणारे पीतच राहिले, चोरट्या दारूवाल्यांचे तर फावले. या कारागिराने मात्र बोट धरली आणि तो सॅव्हॉयमध्ये दाखल झाला. त्याच्या मागोमाग तहानलेले अमेरिकन प्रवासीही आले. कोलमननंतर बारची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि 1930 मध्ये त्याचे ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघाले. त्यात सुमारे 750 कृती आहेत. अमेरिकेत बंदी उठली 1933 च्या डिसेंबरात; तोवर तिने हाकललेली विद्या लंडनात ग्रंथरूपाने बांधून झाली होती.

या पुस्तकात ‘बॉम्बे’ नावाचेही एक कॉकटेल आहे, ब्रँडीचे. मुंबईशी त्याचा संबंध नावापुरताच असावा, असे कृतीवरून आम्हांस वाटते. पण नियतीचा खेळ पाहा. हे पुस्तक निघाल्यानंतर वीस वर्षांनी, 1949 च्या कायद्यान्वये, खुद्द मुंबई राज्यात दारूबंदी आली. डॉक्टरचा दाखला आणि सरकारी परवाना असेल तरच पेला हाती यायचा. ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच काळाची खूण. आमच्या बंदीने कोणी क्रॅडॉक परदेशी गेला नाही. खाडीकाठी हातभट्ट्या मात्र पेटल्या.

कोलमनबाईंच्या हातच्या कृतीला क्रॅडॉकच्या पुस्तकात जागा मिळाली, पण मुखपृष्ठावर नाव आले नाही. आणि ज्याचे आले त्याचे तरी काय झाले? 1963 साली क्रॅडॉक वारला तेव्हा त्याच्यापाशी काही उरले नव्हते. लंडनच्या गनर्सबरी दफनभूमीत, गोरगरिबांना एकत्र पुरतात तशा सामाईक खड्ड्यात त्याला मूठमाती मिळाली. सॅव्हॉय 2007 च्या अखेरीस बंद ठेवून जुन्या थाटात नव्याने सजवले गेले आणि 2010 मध्ये पुन्हा उघडले. पुस्तक अजून छापले जाते. आम्ही एक प्रत विकत घेतली.