धर्मस्वातंत्र्य, कापूस आणि अमेरिकेचा तराजू

अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य अहवाल आला की तो आपल्या तरुणांच्या मोबाईलवर फिरू लागतो. आता अमेरिकाच भारताला जाब विचारेल, असे काहींना वाटते. काहींना तो देशाविरुद्धचा डाव वाटतो. बोदवडसारख्या कापसाच्या तालुक्यातून पाहताना आम्हाला वाटते की, मत बनवण्याआधी ही यंत्रणा समजून घ्यावी.

कायदा काय आहे?

अमेरिकेने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा केला. त्यानुसार तिथले परराष्ट्र खाते दरवर्षी देशवार अहवाल काढते. दुसरीकडे एक स्वतंत्र आयोग आहे. तो फक्त शिफारस करतो. एखादा देश 'विशेष चिंतेचा देश' ठरवायचा की नाही, हे सरकारच्या हातात असते. ठरवल्यानंतरही राष्ट्रहिताचे कारण देऊन कारवाई माफ करता येते. आयोगाने २०२० ते २०२५ दरवर्षी भारताचे नाव सुचवले. परराष्ट्र खात्याने त्या काळात एकदाही ते यादीत घातले नाही.

यादी आणि व्यापार

चीन १९९९ पासून या यादीत आहे. तिबेटमधील बौद्ध विहारांवरील सरकारी नियंत्रण सर्वांना माहीत होते. तरी ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेने चीनला कायमचा सामान्य व्यापारी दर्जा देणारा कायदा केला. सौदी अरेबिया २००४ मध्ये यादीत आला, पण कारवाईतून त्याला सूट मिळाली. व्हिएतनामही २००४ मध्ये यादीत आला. नोव्हेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या हनोई दौऱ्याच्या तोंडावर त्याचे नाव काढले गेले आणि डिसेंबरमध्ये त्यालाही कायमचा व्यापारी दर्जा मिळाला. त्या वेळी तिथल्या बंदी घातलेल्या बौद्ध संघाचे प्रमुख भिक्खू विहारातच नजरकैदेत होते.

बोदवडशी काय संबंध?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावले. वाढीव शुल्काचे कारण धर्म नव्हते, रशियाचे तेल होते. तयार कपड्यांची मागणी घटली की सूतगिरणी रुई कमी उचलते आणि जिनिंगवाला भाव पाडतो. त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांना दिलासा मिळाला, पण बाहेरच्या स्वस्त रुईची स्पर्धा नेमकी आपल्या वेचणीच्या हंगामात आली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण गरजेपोटी खेडा खरेदीत माल देणाऱ्या अल्पभूधारकाला त्याचा आधार क्वचितच मिळतो. किलोवर वेचणी करणाऱ्या आयाबहिणींची मजुरीही याच साखळीच्या शेवटी येते.

हे नवे नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडात भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले.

आपण काय घ्यावे?

अहवाल जरूर वाचावा. त्यातील नोंदी पुरावा म्हणून तपासून वापराव्यात. मात्र न्यायाची आशा त्यावर ठेवू नये. महासत्तेच्या तराजूत धर्मस्वातंत्र्य एका पारड्यात असते खरे, पण वजन व्यापार आणि लष्करी गरज पाहून टाकले जाते. आपला पहिला आधार संविधानातील कलम १४, १७ आणि २५ हाच आहे.

अमेरिकेशी आपले आणखी एक नाते आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले ते कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना. संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. दोघांनीही हात पुढे केला तो तिथल्या लढणाऱ्या माणसांकडे. आपणही तोच मार्ग धरावा, असे आम्हाला वाटते.