शवपेटी ओढणारे घोडे

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत काही सैनिकांची शवपेटी सहा घोडे ओढतात. गाडा मुळात तोफखान्याचा. स्वार फक्त डावीकडच्या घोड्यांवर. उजवीकडच्यांवर नुसतं खोगीर. पूर्वी त्यांच्यावर रसद लादत.

२००६पासून याच पलटणीच्या घोड्यांवर इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेल्यांना बसवू लागले. पाय गेलेल्याला घोड्याच्या चालीतून तोल सापडतो. मनाला मार बसलेल्याचं वेगळं. घोडा मुळात बुजरा. माणसाच्या अंगातला ताण त्याला लगेच कळतो. त्याला शांत ठेवायचं तर आधी स्वतःचा श्वास सावरावा लागतो. शिवाय तो काही विचारत नाही.

माझ्या तुकडीतला एक जवान स्फोटानंतर रात्र-रात्र जागायचा. ‘मन घट्ट कर,’ एवढंच मी त्याला सांगितलं होतं.