मेनूवाली डिस्क

गेला शनिवार-रविवार एका चकतीच्या मागे गेला.

ताईचं लग्न डिसेंबर 2009 मधलं. मामाने ते स्वतःच्या कॅमेऱ्यावर शूट केलं आणि दोन महिने रात्री जागून त्याची ब्लू-रे डिस्क बनवली, तीही मेनूसकट! मी तेव्हा सातवीत. टीव्हीवर ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘मंगलाष्टका’, ‘पंगत’ अशी बटणं यायची आणि रिमोट माझ्या ताब्यात असायचा. आता मामा नाही. प्लेयर तर केव्हाच भंगारात गेला. डिस्क मात्र परवा आईच्या कपाटात साड्यांखाली सापडली. मित्राकडून यूएसबी ड्राइव्ह आणला आणि लॅपटॉपला लावला. आत ‘बीडीएमव्ही’ नावाचं फोल्डर, त्यात ‘स्ट्रीम’, आणि त्यात 00000, 00001 अशा नावांच्या सतरा फाइली. डबल-क्लिक केलं की व्हिडिओ चालतो. पण मेनू कुठाय?

झालं, आमच्या डोक्यात किडा शिरला.

सुरुवात डीव्हीडीपासून करायला हवी. 1996 च्या नोव्हेंबरमध्ये ती जपानमध्ये विकायला आली. व्हिडिओ कॅसेटमध्ये तुम्ही फक्त पुढे-मागे जाऊ शकत होतात. डीव्हीडीत ‘कुठे जायचं’ हे विचारणारा पडदा आला. तो मेनू म्हणजे एक चित्र किंवा व्हिडिओ, त्यावर चारच रंगांचा एक पारदर्शक थर, आणि खाली एक चिमुकला प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमला स्वतःचं म्हणून लक्षात ठेवायला सोळा रजिस्टर, प्रत्येकी 16 बिटचे. एवढ्या भांडवलावर लोकांनी काय काय केलं! 2001 च्या जानेवारीत अ‍ॅपलने डीव्हीडी लिहिणारा ‘सुपरड्राइव्ह’ आणि सोबत ‘आयडीव्हीडी’ हे सॉफ्टवेअर आणलं. तयार साचा निवडा, व्हिडिओ टाका, बटण दाबा. जे काम स्टुडिओतली माणसं महागडी यंत्रं घेऊन करायची, ते घरातल्या टेबलावर आलं. आपल्याकडेही लग्नाचे फोटोग्राफर हळूहळू ‘कॅसेट देतो’ऐवजी ‘डीव्हीडी देतो’ म्हणायला लागले.

पुढे गंमत अशी झाली की घरगुती कॅमेरे डिस्कच्या पुढे निघून गेले. एचडीव्ही हे टेपवरचं मानक 2003 मध्ये ठरलं, आणि 2006 मध्ये सोनी व पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी आणलं. म्हणजे शूटिंग 1080 ओळींचं, आणि डीव्हीडीवर घालताना आपल्या पाल पद्धतीत उरायच्या 576. चांगलं केशरी आंबा आणायचा आणि त्याचं पन्हं करून प्यायचं, तसं.

त्याच 2006 मध्ये दोन वारसदार बाजारात उतरले. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी वगैरे मंडळींची ब्लू-रे. दोन्हींत निळसर जांभळा लेझर, 405 नॅनोमीटरचा (डीव्हीडीचा लाल लेझर 650 चा). एका थरात अनुक्रमे 15 आणि 25 गीगाबाइट. मांडवली व्हायच्या गोष्टी झाल्या, पण जमलं नाही. सगळे जागेबद्दल भांडत होते, पण माझ्यासारख्याला जास्त मजा वाटते ती मेनूच्या भांडणाची. एचडी डीव्हीडीच्या मेनूसाठी मायक्रोसॉफ्टची ‘एचडीआय’ पद्धत होती: एक्सएमएल आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे जवळपास वेबपेजच. ब्लू-रेने दोन रस्ते ठेवले. साधा ‘एचडीएमव्ही’ आणि जड ‘बीडी-जे’, ज्यात मेनू म्हणजे चक्क जावा प्रोग्रॅम! मोठ्या स्टुडिओंना हे परवडलं. पण लग्नाच्या व्हिडिओसाठी जावा कोण लिहिणार?

19 फेब्रुवारी 2008 रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. ब्लू-रे जिंकली. आता तरी घरोघरी एचडी मेनू बनायला हवे होते ना? तसं झालं नाही. अ‍ॅडोबीच्या ‘एन्कोर’मध्ये 2007 पासून ब्लू-रे बनवता येत होती (मामाने हेच वापरलं), पण ज्या अ‍ॅपलने घरगुती डीव्हीडीची गोडी लावली, त्यांच्या मॅकमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह कधी आलाच नाही. परवान्यांच्या गुंत्याबद्दल स्टीव्ह जॉब्सनी 2008 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर वैताग व्यक्त केला होता. कोरी ब्लू-रे आणि ती लिहिणारा ड्राइव्ह, दोन्ही महाग. मग लोकांनी जुगाड काढला: ब्लू-रेसारखीच फोल्डरची रचना साध्या डीव्हीडीवर लिहायची. पुष्कळ प्लेयर ती चालवायचे. सेकंदाला 18 मेगाबिट धरले तर 4.7 गीगाबाइटमध्ये जेमतेम 35 मिनिटं. मंगलाष्टका बसतात, पंगत बसत नाही :)

आणि तेवढ्यात यूट्यूब आलं. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ताईच्या लग्नाच्या महिनाभर आधी, त्यावर 1080 ओळींचा व्हिडिओ दिसायला लागला. डिस्क कशाला हवी? अ‍ॅपलने ‘डीव्हीडी स्टुडिओ प्रो’ 2011 मध्ये बंद केलं, ‘एन्कोर’ची शेवटची आवृत्ती 2012 ची. 2025 च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनही थांबवलं. म्हणजे मामाने शिकलेली विद्या तो शिकत असतानाच म्हातारी होत होती. त्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तरीही त्याने केलं.

आता माझ्या सतरा फाइली. ब्लू-रेच्या मेनूत बटणं हा व्हिडिओसोबत बांधलेला वेगळा प्रवाह असतो, 256 रंगांपर्यंतचा. प्रत्येक बटणाची साधी, निवडलेली आणि दाबलेली अशी तीन रूपं. कुठलं बटण कुठे नेतं ते आज्ञांमध्ये लिहिलेलं असतं. फाइलवर डबल-क्लिक केलं तर या आज्ञा वाचणारं कुणी नसतं, म्हणून मेनू दिसत नाही. सुदैवाने व्हीएलसीवाल्या व्हिडिओलॅन प्रकल्पातल्या मंडळींनी ‘लिबब्लूरे’ नावाची मुक्त लायब्ररी लिहिली आहे, ती या आज्ञा चालवते. फाइल न उघडता ‘डिस्क उघडा’ म्हणायचं, बस्स. (हे कळायला मला रविवारची दुपार उजाडली. इंजिनिअर म्हणे!)

आणि मेनू आला. तीच बटणं. मागे चाळीसेक सेकंदांची क्लिप फिरत होती: आजी जात्यावर हळद दळतेय, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, “अरे, ते चालू आहे का?” आणि मामाचा आवाज, “चालू आहे गं, तू दळ.” मुख्य व्हिडिओत हे नाही, मी सगळा पाहिला. मामाने ते फक्त मेनूसाठी ठेवलं होतं. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

माझ्या फोनमध्ये आज हजारो व्हिडिओ आहेत, सगळे तारखेप्रमाणे लागलेले. त्यातलं आधी काय बघायचं, कशाला काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नाही. मेनू बनवणाऱ्याला ते ठरवावंच लागायचं.

असो. डिस्कच्या तीन कॉपी केल्यात, अख्ख्या फोल्डरसकट. एक आईकडे, एक ताईकडे, एक माझ्याकडे. तुमच्या कपाटात अशी चकती असेल तर नुसती मोठी फाइल काढून घेऊ नका. छोट्या फाइलीही बघा.