श्वान, देवस्थान आणि सार्वजनिक बाग

बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचे हेमाडपंती धाटणीचे देऊळ आहे, आणि त्या देवाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्र्यालाही मानाचे स्थान आहे, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई ही दासोपंतांची (१५५१–१६१५) भूमी; ते दत्तोपासक होते, आणि दत्तमूर्तीच्या पायांशी असलेल्या चार श्वानांत चार वेद पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रास परिचित आहे. बालाघाटाच्या माळरानावर लांडग्यापासून कळप राखणारा कुत्रा तर धनगराच्या प्रपंचाचाच भागीदार होय. तरीही ज्या समाजाने या प्राण्यास देवाजवळ बसविले, त्यानेच त्याला गाभाऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवले. म्हणून नगरपालिकेच्या बागेच्या फाटकावरील श्वानबंदी ही त्या जुन्या सोवळ्याओवळ्याचीच शाखा असावी, असे पुष्कळांस वाटते. इतिहास मात्र निराळी कारणे दाखवितो, आणि ती कारणे समजल्यावाचून ती बंदी न्याय्य रीतीने अमलात येणार नाही, असे माझे निश्चित मत आहे.

मुळात सर्वांची बाग ही कल्पनाच आपल्याकडे अर्वाचीन आहे. निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याच्या अमलात बांधलेल्या खजाना विहिरीचे पाणी भुयारी मार्गाने शेतमळ्यांस पोहोचविले गेले. पाणी असे शेतांपर्यंत गेले, तरी त्या काळच्या सरदारी बागा खाजगीच असत, आणि जेथे रयतेलाच मज्जाव, तेथे कुत्र्यासाठी वेगळ्या नियमाची गरज कोणास पडणार? मुंबईत १८६२ साली राणीची बाग लोकांस खुली झाली. जेथे कोणीही येऊ शकतो, तेथे कोणी कसे वागावे हे ठरवावेच लागते.

श्वानांविषयीचे सरकारी हुकूम मात्र बागांहून जुने आहेत, आणि त्यांच्या मुळाशी पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आहे. मुंबईत १८१३ पासून वर्षातील ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा कंपनी सरकारने दिली होती. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस चालू राहिले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरांतील कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ज्या पारशी धर्मात प्रेतावर श्वानाची दृष्टी पडणे हा अंत्यविधीचा भाग आहे, त्या धर्माच्या लोकांस हे सहन झाले नाही. ६ जून रोजी दंगा उसळला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, अन्य धर्मांचे लोकही सामील झाले आणि बंदोबस्तास लष्कर बोलवावे लागले. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तजवीज झाली, आणि १८३४ मध्ये शेठ जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. रोगाचे भय खरे होते, तरी लोकांच्या श्रद्धेची विचारपूस न करता सोडलेला हुकूम शहराची शांतता घालवून बसला.

ते भय खरे होते, हे ठासून सांगितले पाहिजे. अलर्कविषाचे, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे, वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, आणि पाण्यास भिणारा रोगी वाचत नाही हेही तेथे नोंदलेले आहे. १८८५ मध्ये पाश्चरने माणसावर लशीचा पहिला यशस्वी प्रयोग केला, १९०० मध्ये कसौलीस या उपचाराची संस्था निघाली, आणि पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची दहशत आपल्या मागील पिढ्यांनी पुरेपूर अनुभवली. आज लस सुलभ आहे. पण लक्षणे एकदा प्रकट झाली की हा रोग अजूनही प्रायः प्राणांतिकच ठरतो.

बागेच्या संदर्भात याहून सूक्ष्म असे दुसरे कारण मातीत आहे. कुत्र्याच्या आतड्यातील जंतांची अंडी विष्ठेवाटे जमिनीत उतरतात, काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि विष्ठेचा मागमूसही उरला नाही तरी तेथे दीर्घकाळ टिकून राहतात. अंकुशकृमीची अळी तर ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतच शिरते. मातीत खेळून तोच हात तोंडात घालणारे मूल हे या संकटाचे पहिले भक्ष्य होय. मालकाने ताजी विष्ठा तत्काळ उचलली, कुत्र्यास जंताचे औषध वेळेवर दिले, तर हे संकट पुष्कळ अंशी टळते. म्हणजे येथे दोष प्राण्याचा नसून त्याला सांभाळणाऱ्याच्या आळसाचा आहे.

तिसरे कारण बीड जिल्ह्यातच पाहावयास मिळते. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये मयूर अभयारण्य घोषित झाले. लांडोर आपली अंडी जमिनीवर, झुडपाच्या आडोशास घालते. तेव्हा वस्तीवरून भटकत आलेल्या कुत्र्याला घरटे मोडण्यास फारसे सायास पडत नाहीत. अशा भूमीत मोकळ्या कुत्र्यास मज्जाव करणे हे राखणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

भटक्या कुत्र्यांविषयीच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांनीही असाच विवेक स्वीकारला आहे: वस्तीतील भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्याची जागा मुलांच्या क्रीडास्थळापासून आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर असावी, असे त्यांत सांगितले आहे. त्या नियमांनी प्राण्यास अन्न नाकारले नाही, केवळ स्थळाची मर्यादा आखली. आपल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी हाच मार्ग धरावा. बालकांच्या खेळाच्या वाळूत आणि पक्ष्यांच्या वीणक्षेत्रात बंदी पूर्ण असावी. इतरत्र दोरी, लसीचा दाखला आणि विष्ठा उचलण्याची सक्ती पुरेशी मानावी. आणि प्रत्येक फलकावर मनाईबरोबर तिचे कारणही स्पष्ट लिहावे. श्वान अमंगळ आहे म्हणून नव्हे, तर विशिष्ट जागी विशिष्ट जीव नाजूक आहेत म्हणून हा निर्बंध आहे, असे ज्या नागरिकास उमगेल, तो पहारेकरी नसतानाही नियम पाळील आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्यावर दगडही उचलणार नाही.