ग्रँट स्ट्रीटवरचं मूळ दार

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, अ‍ॅलेगेनी काउंटीच्या कोर्टात ग्रँट स्ट्रीटवरून शिरलं की आधी लागतं ते बुटक्या छताचं दालन. बाहेर ग्रॅनाइटचा एवढा दिमाख आणि आत ही अडचण! वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांना बोल लावण्यापूर्वी जुने कागद पाहायला हवेत.

आधीचं कोर्ट 7 मे 1882 रोजी जळालं. नव्या इमारतीसाठी काउंटीने निवडक वास्तुकारांकडून आराखडे मागवले आणि 1884 मध्ये रिचर्डसन यांचा आराखडा पसंत केला. त्यांच्या कार्यालयातली रेखाटनं आज हार्वर्डच्या हाऊटन ग्रंथालयात जपलेली आहेत. मधोमध मोकळा चौक, त्याभोवती चारही बाजूंनी कचेऱ्या आणि न्यायदालनं, मागे तुरुंग आणि त्याला जोडणारा दगडी पूल अशी ही योजना. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या या शहरात त्यांनी हवेचा विचार किती बारकाईने केला होता! दर्शनी उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून, म्हणजे रस्त्यावरच्या धुराच्या वरून, ताजी हवा ओढून घ्यायची, ती खाली आणून इमारतीत खेळवायची आणि मागच्या मनोऱ्यांतून वापरलेली हवा बाहेर सोडायची. मनोरा नुसता शोभेचा नव्हता.

27 एप्रिल 1886 रोजी रिचर्डसन वारले, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. शेपली, रूटन आणि कूलिज या त्यांच्या वारसदार वास्तुकारांनी 1888 मध्ये काम पुरं केलं. त्याच वर्षी मारियाना ग्रिझवोल्ड व्हॅन रेन्सलेअर यांचा रिचर्डसनवरचा ग्रंथ निघाला. पुढच्या फेरफारांपूर्वीचा असल्यामुळे मूळ इमारतीसाठी मला तो फार मोलाचा वाटतो.

फेरफार इमारतीत नव्हे, रस्त्यात झाला. ग्रँट स्ट्रीटचा चढ वाहतुकीला अडचणीचा म्हणून 1912-13 मध्ये टेकाड कापलं गेलं. कमाल खोदाई सुमारे 16 फूट. तळघर उघडं पडलं, मुख्य दार अधांतरी राहिलं. तिथवर पोचायला बाहेरून भव्य पायऱ्या बांधल्या. 1920 च्या दशकात रस्ता रुंद करताना त्याही काढल्या आणि तळघरातून वाट केली. त्यामुळे जुन्या छायाचित्राचा काळ ठरवायला या पायऱ्यांचा चांगला उपयोग होतो: पायऱ्या दिसल्या, तर छायाचित्र या दोन कामांच्या मधलं.

तुरुंग 1995 मध्ये रिकामा झाला. आता तिथे कौटुंबिक खटले चालतात. कोर्टाची मूळ इमारत मात्र आजही कोर्टच आहे. ती पाहायला जाणाऱ्याने खालच्या दालनावरून मत बनवू नये, एक मजला वर जावं. रस्त्याच्या बाजूला तिथे ज्या कमानी खिडक्या झाल्या आहेत, त्या रिचर्डसन यांनी प्रवेशासाठी योजल्या होत्या.